सहा फुटांवरून दारव्हा

माझ्या बॅगेत कपड्यांपेक्षा मीठ जास्त होतं. मिठाच्या गोळ्या, साखर-मिठाच्या पाण्याची पाकिटं आणि वाफ घेण्यासाठी लागणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या प्लास्टिकच्या कुप्या. आईने ते सगळं भरलं, बाहेर काढलं, पुन्हा भरलं. “मार्चअखेरीला यवतमाळला कोण जातं?” असं बाबा एकदाच म्हणाले आणि वाफेचं मशीन माझ्या टॉवेलात गुंडाळायला बसले. मी गप्प राहिले. गप्प राहणं मला छान जमतं.

मला सिस्टिक फायब्रोसिस आहे. हे वाक्य मी कुठेच चटकन लिहीत नाही, म्हणून सुरुवातीलाच लिहून टाकते. हा जन्मापासूनचा आजार. शरीरातले जे स्राव पातळ असायला हवेत ते घट्ट होतात. छातीत कफ चिकटून बसतो, अन्न पचवणारा रस आतड्यापर्यंत पोचत नाही, आणि घामातून मीठ वाहून जातं. म्हणून सकाळ-संध्याकाळ वाफ, नंतर पाठ-छाती थापटून कफ काढणं, आणि प्रत्येक जेवणाबरोबर कॅप्सूल. मी तेवीस वर्षांची आहे, घरून नोकरी करते आणि एवढं सगळं केलं की बरी असते. कॉलेजात तीन वर्षं शेजारी बसलेल्या मैत्रिणीला मी “ॲलर्जी आहे” एवढंच सांगितलं होतं. शिवाय माझी शाळा इंग्रजी. दवाखान्यातलं सगळं बोलणं मी आजवर इंग्रजीत केलं. या आजाराबद्दल मराठीत बोलायची वेळ आली तर काय म्हणायचं, हे मला ठाऊकच नव्हतं.

ती वेळ गावंडे मॅडमनी आणली. मी लहानपणी पुण्यात ज्या वॉर्डात असायचे, तिथे त्या शिकाऊ डॉक्टर होत्या. आता त्या यवतमाळच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मुलांच्या डॉक्टर आहेत. त्यांचा फोन आला.

“माझ्याकडे या आजाराची दोन मुलं आहेत, ईशा. एक दारव्ह्याची झोया, सहा वर्षांची. तिचा बाप मला विचारतो, या आजारात मोठी झालेली कोणी पाहिलीय का तुम्ही? मी म्हटलं, एक पाहिलीय. तो म्हणाला, मग दाखवा.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तो उपचार थांबवायला निघालाय,” मॅडम म्हणाल्या. “म्हणतो, जायचीच असेल तर रोज तिला बदडून कशाला रडवू?”

ट्रस्टने मॅडमना या मुलांसाठी एक खोली कबूल केली होती, घामाची तपासणी करणारं मशीनही येऊन पडलं होतं. आतापर्यंत या तपासणीसाठी लोकांना नागपूर गाठावं लागायचं. मी चार दिवस येऊन सिस्टरना घरी आम्ही काय-कसं करतो ते दाखवावं आणि झोयाच्या आईवडिलांसमोर नुसतं उभं राहावं, एवढंच मॅडमना हवं होतं. नुसतं उभं राहणं मला जमेल असं वाटलं. मी तिकीट काढलं.

धामणगाव

रेल्वे धामणगावला थांबते. पुढे यवतमाळपर्यंत रस्ता. मॅडम म्हणाल्या होत्या, दवाखान्याची गाडी येईल. ती गाडी म्हणजे ॲम्ब्युलन्स निघाली. तिच्यातून पन्नाशीच्या, ठसठशीत कुंकू लावलेल्या एक बाई उतरल्या. या वंदनाताई राठोड, मुलांच्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टर.

“ईशा तूच ना? मास्कवरून वळखलं. किती बारीक हायेस व माय!” असं म्हणत त्यांनी पिशवीतून ओला दुपट्टा काढला आणि मी काही म्हणायच्या आत माझ्या डोक्याभोवती गुंडाळला. “इथं डोक्शं उघडं ठेवाचं नाही. हे पुणं नोहे.”

मी पुढच्या सीटवर बसले. आईचा फोन आला.

“कशात बसलीस?”

“गाडीत.”

“कुठल्या?”

“पांढऱ्या,” मी म्हटलं. ड्रायव्हर इतका हसला की गाडी खड्ड्यात गेली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस वेचून संपलेला होता आणि उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग पडले होते. पुढे सागाचं जंगल लागलं, पण एका झाडाला पान नाही. नुसत्या काठ्या उभ्या. त्यात मधूनच एखादा पळस असा पेटलेला की मान वळायची. पुढे दुसऱ्याच एका झाडाखाली बायका वाकून काहीतरी वेचत होत्या. वंदनाताईंनी गाडी थांबवायला लावली आणि ओंजळभर मोहाची फुलं आणून माझ्या मांडीवर ओतली. फिकट पिवळी, रसरशीत, वास थेट गूळ करपल्यासारखा. एक खाऊन पाहिलं. गोड, आणि मागून थोडं कडवट. सकाळचे नऊ वाजले होते आणि माझ्या कपाळावरचा घाम वाळून त्याची पांढरी रेघ झाली होती. वंदनाताईंनी ती बोटाने पुसली, बोट चाटलं आणि म्हणाल्या, “अवं, हे तं खरंच मीठ हाय!”

अनोळखी माणसाने माझ्या घामाची चव पाहावी, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. मला राग यायला हवा होता. आला नाही.

माझा मुक्काम त्यांच्याच घरी होता. पुण्यात आमच्याकडे पाहुण्यांना विचारतात, “चहा घेणार ना?” इथे विचारत नाहीत, समोर आणून ठेवतात. त्या रात्री ताटात वांग्याची भाजी आली. तिच्यावर बोटभर लाल तेल, त्याला इथे तर्री म्हणतात. सोबत ज्वारीची भाकर आणि ठेचा. माझ्या कॅप्सूल किती घ्यायच्या ते जेवणातल्या तेल-तुपावर ठरतं. मी तर्रीकडे पाहिलं आणि नेहमीपेक्षा दोन जास्त काढल्या.

“कायच्या गोळ्या खाऊन राह्यली?”

“जेवण पचायला. तेल जास्त असलं की जास्त लागतात.”

“मंग अजून दोन घे,” वंदनाताई म्हणाल्या आणि माझ्या वाटीत आणखी एक पळी तर्री घातली.

दवाखाना

कबूल झालेली खोली म्हणजे जुनं स्टोअर होतं. मोडक्या खाटा, दप्तरांचे गठ्ठे, पाय गेलेला वजनकाटा. वंदनाताईंनी दोन दिवस खपून ते रिकामं करून घेतलं होतं आणि भिंतीला चुना दिला होता. खोलीला दोन दारं होती. एक वॉर्डातून, दुसरं थेट मागच्या अंगणात कडुनिंबाखाली उघडणारं. त्या मागच्या दाराला गंजून गेलेलं कुलूप होतं आणि किल्ली कुणाच्याच आठवणीत नव्हती. मी मनात म्हटलं, हे दार उघडलं तर आमच्यासारख्या मुलांना खोकणाऱ्या रांगेतून यावं लागणार नाही. मोठ्याने म्हणायला दुपार झाली.

वॉर्डात वाफेची दोन मशीनं होती आणि मुलांचा मास्क एकच. तो या तोंडावरून त्या तोंडावर जायचा.

“प्रत्येक मुलाचा वेगळा हवा,” मी म्हटलं.

“मोठ्यानं बोल. मुंगीच्या लग्नात आली काय?”

“प्रत्येकाचा वेगळा हवा. आणि दरवेळी साबणाने धुऊन, उकळून, वाळवून.”

“आम्ही स्पिरिटनं पुसतो ना.”

“पुसून नाही चालत.”

वंदनाताईंनी कमरेवर हात ठेवले. “बावीस वर्सं झाले मले या वॉर्डात. अन् ही पोट्टी पुण्याहून मले भांडे घासाले शिकवाले आली!” दोघी नर्स तोंडाला पदर लावून हसल्या. मी माझा मास्क आणि नळीचे भाग धुतले, त्यांच्याच चहाच्या पातेल्यात उकळले आणि अंगणातल्या दोरीवर स्वच्छ फडक्यात बांधून टांगले. घरी हे वाळायला अर्धा दिवस लागतो, पावसाळ्यात तर आई हेअर ड्रायर लावते. इथे दहा मिनिटांत सगळं खडखडीत.

वंदनाताईंनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. “हे मात्र तुमच्या पुण्यात नाही जमणार,” त्या म्हणाल्या, आणि दोरीला दोन नवे आकडे ठोकून घेतले.

घामाच्या मशीनची गंमत वेगळीच झाली. हातावर दोन छोट्या पट्ट्या लावतात, सौम्य करंट देऊन तेवढ्या जागेला घाम आणतात आणि अर्धा तास तो गोळा करून त्यातलं मीठ मोजतात. मीठ जास्त निघालं की आजाराचा संशय पक्का होतो. हे मॅडम समजावून सांगत असताना वंदनाताई हळूच म्हणाल्या, “यवतमाळात घाम काढाले मशीन लागते, हे आजच समजलं.” मग स्वतःचाच हात पुढे केला. त्यांच्या घामात मीठ अगदी बेताचं निघालं. “म्हणजे मी गोड हाय. घरी सांगाले पाह्यजे, त्यायले पटत नाही.”

मी त्या दिवशी मास्कबद्दल दोन तास बोलले. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र सांगितली नाही. या आजाराच्या दोन माणसांनी एकमेकांच्या जवळ यायचं नसतं. आमच्या छातीत असे जंतू घर करतात की जे इतरांना काही करत नाहीत, पण आमच्यापैकी दुसऱ्याच्या छातीत गेले तर कायमचं नुकसान करतात. सहा फुटांचं अंतर, बंद खोलीत तर एकत्र नाहीच. मॅडमना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी दोन्ही कुटुंबांना दोन वेगळ्या वेळा दिल्या होत्या. वंदनाताईंना त्याचं कारण माहीत असेल असं मी धरून चालले. खरं सांगायचं तर मला ते बोलायचंच नव्हतं. मी कुणाजवळ बसू शकते आणि कुणाजवळ नाही, हे सांगताना मला नेहमी कुणीतरी अंगावरची चादर ओढल्यासारखं वाटतं.

सतरंजी

तिसऱ्या दिवशी मॅडम सकाळपासून एका तान्ह्या बाळापाशी अडकल्या होत्या. अकरा वाजता मी त्या खोलीच्या दारात आले. उंबऱ्याबाहेर रांगोळी होती. आत नवी सतरंजी अंथरली होती आणि तिच्यावर दोन्ही कुटुंबं मांडीला मांडी लावून बसली होती. हिरव्या फ्रॉकमधली एक मुलगी आणि तिच्याहून मोठा एक मुलगा, दोघं एकाच बाटलीतून आळीपाळीने साखर-मिठाचं पाणी पीत होते.

“ये, ये!” वंदनाताईंचा चेहरा फुलला होता. “पाह्य, सारे आले! एकटं-एकटं बोलावलं तं लोकं घाबरतात. अन् दारव्ह्याचे नि बोरीचे एकाच काळीपिवळीत आले. मंग अर्ध्यायले बाहेर उन्हात कायले बसवू?”

काळीपिवळी म्हणजे इकडची शेअर जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही. दारव्ह्याहून झोयाचं कुटुंब बसलं, वाटेत बोरी अरबला दुसरा मुलगा अथर्व आणि त्याचे वडील चढले, आणि जागा नव्हती म्हणून झोया पुढचा सगळा रस्ता अथर्वच्या वडिलांच्या मांडीवर बसून आली, अथर्वला खेटून. माणुसकीने वागणाऱ्या माणसांनी जे करायचं ते सगळं त्यांनी केलं होतं, आणि त्यातली प्रत्येक गोष्ट चुकीची होती.

मी उंबऱ्यावरच थांबले. हिरव्या फ्रॉकची झोया उठली. तिच्या हातावर ईदेची मेंदी अजून फिकट उरली होती, आणि त्या हातात गुलाबाचं फूल होतं. कुणीतरी पाठ करून घेतलेलं वाक्य पुटपुटत ती माझ्याकडे आली. मी एक पाऊल मागे गेले. ती आणखी पुढे आली. मी आणखी मागे, वऱ्हांड्याच्या खांबापर्यंत, आणि हात पुढे करून म्हटलं, “थांब.”

ती थांबली. फूल तसंच पुढे धरलेलं.

झोयाचे वडील सलीमभाई, दारव्ह्याला मोटारसायकलींचं गॅरेज चालवतात. ते शांतपणे उठले. “आमच्या गल्लीत दोन साल असेच मागं सरकत होते लोकं, मॅडम. टीबीवाली पोट्टी म्हणून. टीबीच्या गोळ्या बी दोनदा खाल्ल्या हिनं, नसलेल्या बिमारीसाठी. इथं तरी तसं होणार नाही वाटलं होतं.” त्यांनी झोयाच्या हातातलं फूल काढून सतरंजीवर ठेवलं आणि बायकोकडे वळले. “रुखसाना, चल. अम्मी, उठो.”

ते माझ्यासमोरून, भिंतीच्या कडेने निघून गेले. वऱ्हांड्यात ओपीडीची रांग होती, पंचवीस-तीस माणसं. सलीमभाई पायऱ्यांपर्यंत पोचले होते. त्यांच्या मागे धावून जाऊन हळू आवाजात काही सांगायची सोय नव्हती, कारण झोया त्यांच्या कडेवर होती. जे काही सांगायचं ते इथूनच, एवढ्या अंतरावरून.

“सलीमभाई!” मी ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. “मलाही तोच आजार आहे! माझ्या छातीतले जंतू तुम्हाला काही करणार नाहीत, पण तिला करतील! तिचे मला करतील! म्हणून मागे झाले! त्या मुलाजवळही तिला बसवू नका! किळस नाही हो आली मला!”

सगळी रांग माझ्याकडे पाहत होती. मला खोकला आला आणि तो थांबेना. मी खांबाला धरून खोकत राहिले. सलीमभाईंनी मागे पाहिलं, पण ते आले नाहीत. त्यांची आई मात्र पायऱ्यांवरून परत फिरली. पांढरा दुपट्टा, हातात काठी. आजार नसलेली माणसं या नियमात बसत नाहीत. ती अगदी माझ्याजवळ आली आणि माझा खोकला संपेपर्यंत माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली.

“कितने साल की है तू?”

“तेवीस.”

“तू भी खारी?”

मला आधी कळलं नाही. मग कळलं. “हो. मी पण खारी.”

“मैं बोली थी,” ती म्हणाली. “पैदा हुई तब पप्पी ली, तभी बोली थी, बच्ची खारी लगती है. कोई सुनाइच नहीं मेरा.”

एवढं बोलून ती काठी टेकत गेली. मी अंगणातून जीप वळताना पाहिली. झोयाचे वडील मला पाहायला आले होते. पाहून झालं होतं. त्यांनी काय ठरवलं ते मला कळलं नव्हतं.

वंदनाताईंनी सतरंजी उचलली, झटकली आणि तिची घडी घातली.

“मले सांगाचं नाही का व तू?”

“सांगायला हवं होतं.”

“त्या दोघायले एका बाटलीतून म्याच पाणी पाजलं, ईशा.” त्यांचे डोळे भरले होते. “किती ठेवशीन पोटात? बोलत जा बाई.” मग पदराने डोळे पुसून त्या उठल्या. “उद्या दारव्ह्याले जाऊ. गाडी मागतो मॅडमले.”

बोरी अरब, मग दारव्हा

गाडी मॅडमची, चालवणारा तोच ॲम्ब्युलन्सवाला. रस्त्याला सोबत म्हणून बंद पडलेल्या छोट्या रेल्वेचे रूळ कधी दिसत, कधी गवतात बुडत. बोरी अरबला आम्ही अथर्वच्या अंगणात थांबलो. तो पडवीत, मी तुळशीपलीकडे खुर्चीवर. त्याचे वडील, विठ्ठलराव, रात्रभर झोपले नव्हते. “मीच बसवलं जी त्या पोरीले माह्या मांडीवर,” ते तीनदा म्हणाले. मॅडम दोघांची थुंकी तपासायला पाठवणार आहेत आणि एका दिवसाने काही बिघडलंच असेल असं नाही, हे वंदनाताईंनी त्यांना तितक्याच वेळा सांगितलं. अथर्वची आई कॅप्सूल फोडून गरम वरणात कालवत होती. गरमात औषधाची ताकद जाते, म्हणून ते आधी केळ्याच्या घासावर द्यायचं, हे मी सांगितलं. मोठ्याने सांगितलं. अथर्वने मला एकच प्रश्न विचारला, “ताई, तुमी पयता का?” मी म्हटलं, रोज पळत नाही, पण सायकल चालवते, आणि त्याने बापाकडे असं पाहिलं की जुनं भांडण माझ्या बाजूने निकाली निघालं असावं.

मग तिथेच वंदनाताईंनी वेळापत्रक बसवलं. घड्याळावर नाही, बाजारावर. आठवडी बाजाराच्या दिवशी त्या गावचं कुणीच मोकळं नसतं आणि जीपा ठासून भरतात. दुसऱ्या दिवशी जीपा रिकाम्या धावतात. तर ज्या गावचा बाजार ज्या दिवशी, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या गावच्या मुलाने यायचं. दोन गावांचे बाजार वेगळे, म्हणून दोन मुलं कधी समोरासमोर यायची नाहीत. मॅडमनी दिलेल्या दहा आणि बाराच्या वेळेपेक्षा हे कितीतरी पक्कं होतं.

दारव्ह्याला गॅरेज रस्त्यालगत, मागे मोठं मोकळं आवार. सलीमभाई एका स्कूटरखाली आडवे होते. ते बाहेर आले, हात पुसले, पण “बसा” म्हणाले नाहीत. इथल्या हिशोबाने ही फार मोठी नाराजी. वंदनाताई काहीतरी बोलणार होत्या. मी त्यांच्या हाताला धरलं.

“मी घरून माझं मशीन आणलंय,” मी म्हटलं. “तुम्हाला दाखवायचं होतं.”

मशीन म्हटल्यावर त्यांचे डोळे हलले. त्यांनी ते घेतलं, कानाला लावलं, मागचं झाकण काढलं. “हे तं कॉम्प्रेसर हाय. छोटा.” मग फिल्टर बाहेर काढून माझ्यासमोर धरला. तो काळा झाला होता. “हे कधी बदललं?”

“बदलतात?”

“याडी!” वंदनाताई म्हणाल्या. त्यांच्या बंजारा बोलीत याडी म्हणजे आई.

सलीमभाई पहिल्यांदा हसले. “पुण्याची मॅडम आम्हाले शिकवाले आली, अन् सोताचा फिल्टर असा.” त्यांनी फोमचा एक तुकडा कापून बसवला आणि मशीन सुरू केलं. वाफ दुप्पट जोराने आली. ते त्या वाफेकडे पाहत राहिले.

“रोज घेता?”

“दिवसातून दोनदा. अठरा वर्षं झाली.”

“रडत होता का?”

“खूप. आईला चावायचे मी.”

त्यांनी मशीन बंद केलं आणि झाकण पुसलं. मग घराच्या दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, “रुखसाना, सुन! कार्बोरेटर रोज साफ करना पडता, बस. गाडी बेकार नहीं है.” आणि मला म्हणाले, “बसा ना मॅडम. उभ्या काहून?”

अंतर त्यांनीच आखलं. फूटपट्टी काढून सहा फूट मोजले, “सहा म्हणजे आठ धरा” असं म्हणून त्यात स्कूटरचे जुने टायर आडवे मांडले. एका टोकाला बाजेवर मी, दुसऱ्या टोकाला मोडक्या सीटवर झोया, मास्क लावून. वारा माझ्याकडून तिच्याकडे वाहतो असं झोयाच्या दादीच्या ध्यानात आलं, तेव्हा बाज-सीटची दिशा बदलली. मला ईदेच्या उरलेल्या शेवयांचा शीरखुर्मा आला, तुपाने चकाकणारा. मी कॅप्सूल काढल्या तशा झोयाने टायरांपलीकडून मोजल्या. “आपा, मेरे से ज्यादा!”

कफ सुटावा म्हणून आम्ही एक श्वास शिकतो. तोंड उघडं ठेवून, पोटातून, आरशावर वाफ धरावी तसा. लहान मुलांना खरोखर आरसा देतात. सलीमभाईंनी मोटारसायकलींचे दोन आरसे सोडवून आणले, एक तिला, एक मला. झोयाने हाऽ केलं. काही नाही. मी केलं. काही नाही. चाळीस अंशांच्या उन्हात आरसाच इतका तापला होता की त्यावर वाफ धरेना. मी पुण्यातली सगळी वर्षं थंड बाथरूममध्ये हे करत आले होते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. झोयाचं तोंड पडलं.

दादी उठली. तिने एकेका आरशावर माठातलं पाणी वेगळं ओतलं, ते वेगवेगळ्या फडक्यांनी पुसले आणि जिचा आरसा तिला नेऊन दिला. झोयाने पुन्हा हाऽ केलं. आरसा पांढरा झाला. तिने ओरडून सगळ्या आवाराला सांगितलं आणि लगेच मोठा खोकला काढला, खरा, कफ सुटणारा. रुखसाना तिच्या पाठीवर थापटत होती आणि मुलगी रडत नव्हती. ती आरशातून मला पाहत होती.

“आपा!” ती ओरडली. “तुम्ही किती मोठ्या हायेत?”

“तेवीस!” मी ओरडले.

“मी बी होईन का?”

सलीमभाईंचा पाना हातातच थांबला. मी खोटं बोलणार नव्हते. “मला कुणी सांगितलं नव्हतं! मी रोज आरसा पांढरा करत गेले, आणि झाले!”

निघताना तिने गुलाबाचं फूल माझ्यापर्यंत आणलं नाही. ते टायरांच्या मधोमध ठेवलं, मागे सरकली, आणि मी जाऊन उचलेपर्यंत थांबली. नियम तिला माझ्याहून लवकर पाठ झाला होता.

पुणे

परत येऊन दीड महिना झाला. मोटारसायकलीचा एक आरसा आमच्या बाथरूममध्ये आहे. दोघांच्याही थुंकीत नवं काही सापडलं नाही, असं मॅडमनी कळवलं. वंदनाताई फोटो पाठवतात: दोरीवर टांगलेले दोन मास्क, प्रत्येकाच्या फडक्यावर नाव, उघडं मागचं दार आणि त्यातून दिसणारा कडुनिंब. कुलूप सलीमभाईंनी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी येऊन कापलं.

परवा झोयाचा आवाजी निरोप आला. मी मोबाइल कानाला लावला आणि दचकून दूर धरला.

“आपाऽऽ! आज मी दवाखान्यात गेलती! आरसा पांढरा केला! दोन बाऽऽर!”

ती ओरडत होती, कारण आपाशी ओरडूनच बोलायचं असतं. तिने मला कधी जवळून पाहिलेलंच नाही. मी बटण दाबलं. नेहमीसारखं हळू बोलायला गेले आणि थांबले. मग खिडकी उघडून, छाती भरून घेतली.

“शाब्बास झोयाऽऽ! मीही केला!”

आई स्वयंपाकघरातून पळत आली, हाताला कणीक. “काय झालं? कुणाला ओरडतेस एवढं?”

“दारव्ह्याला,” मी म्हटलं.